तंजावरचा राजवाडा आणि सरस्वती महाल : एक परीक्षण

तंजावरला जाणारे बहुतेक प्रवासी बृहदीश्वराचे दर्शन घेतात, नंदीपाशी छायाचित्र काढतात आणि लगेच कुंभकोणम् किंवा त्रिचीच्या रस्त्याला लागतात. राजवाडा यादीत असलाच तर शेवटी असतो. मराठी प्रवाशाने मात्र या राजवाड्यासाठी निदान अर्धा दिवस राखून ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन. कारण मराठी राजांनी तलवारीपेक्षा ग्रंथ, नाटक आणि संगीत यांवर जिथे अधिक जीव लावला, असे दुसरे राजधानीचे शहर मला माहीत नाही.

हा राजवाडा मुळात नायक राजांचा. त्यांची सत्ता १६७३ मध्ये संपली आणि लवकरच शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी इथे भोसल्यांचे राज्य स्थापन केले. म्हैसूरसारखा झगमगाट अपेक्षित असेल, तर इथे निराशा होईल. रंगीत नक्षीचे खांब आणि कमानी असलेला मराठा दरबार देखणा आहे, पण तो थोडक्यात पाहून होतो. कलादालनात अधिक वेळ द्यावा. चोळकालीन कांस्यमूर्तींसमोर उभे राहिल्यावर धातूला इतकी लय कशी आली, हा प्रश्न सुटता सुटत नाही. तिथेच दुसऱ्या सरफोजीराजांचा हात जोडून उभा असलेला संगमरवरी पुतळा आहे.

या सरफोजीराजांमुळेच सरस्वती महाल हे राजवाड्यातले ग्रंथालय आज जगाला ठाऊक आहे. ग्रंथसंग्रहाची सुरुवात नायकांच्या काळातली असली, तरी त्याला आजचे रूप दिले ते १७९८ मध्ये गादीवर आलेल्या या राजाने. पुढच्याच वर्षी झालेल्या तहाने राज्यकारभार इंग्रजांकडे गेला आणि राजाची सत्ता जवळजवळ किल्ल्यापुरती उरली. पण हाती राहिलेला पैसा आणि वेळ त्यांनी हस्तलिखिते जमवण्यात, देवनागरी छपाई सुरू करण्यात आणि धन्वंतरी महालात औषधांचे प्रयोग करवण्यात घातला. आज या संग्रहात ४९ हजारांहून अधिक हस्तलिखिते आहेत. त्यांत संस्कृत सर्वाधिक असली, तरी तमिळ, तेलुगू आणि मराठी ग्रंथही मोठ्या संख्येने आहेत, शिवाय मोडी कागदपत्रे आहेत ती वेगळीच. सामान्य प्रवाशाला हे सारे हाताळता येत नाही, आणि ते योग्यच आहे; त्याच्यासाठी छोटे संग्रहालय खुले आहे. ताडपत्रे, जुने नकाशे आणि सचित्र पोथ्या असा तिथला ऐवज आहे. सरफोजीराजांच्या काळात डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी चित्रांसह ठेवल्या जात, हे कळल्यावर या राजाविषयीचा आदर दुणावतो.

त्यांच्या आधीचे, व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे (१६८४ ते १७१२) स्वतः नाटककार होते. विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ सांगलीत १८४३ मध्ये झाले आणि आपण मराठी रंगभूमी तिथून मोजतो. पण त्याच्या सुमारे दीड शतक आधी तंजावरच्या दरबारात मराठी नाटके लिहिली जात होती. मराठी घरांत हे अजून पुरेसे ठाऊक नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

अर्थात ‘आपले’ शोधताना चोळांचे शहर नजरेआड करू नये. पहिल्या राजराजाने १०१० मध्ये पूर्ण केलेले बृहदीश्वर मंदिर, त्याचे सुमारे ६६ मीटर उंचीचे विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचे शिखर, आणि भिंतींवरचे तमिळ शिलालेख हाच या नगरीचा कळस आहे. मात्र वाटाड्या निवडून घ्यावा. आम्हाला लाभलेल्या वाटाड्याने विमानाची सावली जमिनीवर पडतच नाही ही दंतकथा रंगवून सांगितली; सावली तर समोर दिसत होती. याच आवारात सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख आहे, त्याविषयी मात्र तो अवाक्षर बोलला नाही. आवाराच्या भिंतीवरचा हा देवनागरी लेख विचारून, शोधून पाहावाच. तमिळ भूमीतल्या चोळ मंदिरात आपली भाषा वाचताना होणारा आनंद निराळाच असतो.

सकाळी लवकर मंदिर पाहावे, कारण पुढे अनवाणी पायांना दगड भाजतो; दुपार राजवाड्याला द्यावी. तिथल्या वेगवेगळ्या भागांची तिकिटे वेगळी असतात, म्हणून आत शिरण्यापूर्वीच चौकशी करावी. सरस्वती महालाने स्वतः प्रसिद्ध केलेली पुस्तकेही अवश्य पाहावीत. जुन्या मराठी ग्रंथांच्या त्यांत आवृत्त्या आहेत, आणि मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाने तरी तिथून रिकाम्या हाताने परतू नये.