फ्लाइट सिम्युलेटरसाठी अंतर्गत ड्राइव्ह की बाह्य?

नेरूळच्या घरी मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर हा विमान उडवण्याचा संगणकीय खेळ मी आधी बाह्य एसएसडीवर (फिरते भाग नसलेल्या वेगवान ड्राइव्हवर) चालवला आणि नंतर लॅपटॉपमधल्या एनव्हीएमई ड्राइव्हवर (आणखी वेगवान अंतर्गत एसएसडीवर) हलवला. २०२० च्या आवृत्तीलाच सुमारे १५० जीबी जागा लागते. त्यात विमानांची आणि विमानतळांची भर पडली की ५१२ जीबीचा ड्राइव्ह बघता बघता भरतो.

वेगाचे म्हणाल, तर तिसऱ्या पिढीचा चांगला एनव्हीएमई सेकंदाला साधारण ३,५०० एमबी वाचतो, तर १० गिगाबिट यूएसबीवरचा बाह्य एसएसडी जेमतेम १,००० एमबीपर्यंत पोहोचतो. हा फरक मुख्यतः उड्डाणापूर्वीच्या लोडिंगमध्ये जाणवतो. फ्रेमचा दर, म्हणजे सेकंदाला किती चित्रे पडद्यावर येतात ते, प्रामुख्याने प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावर ठरत असल्याने, केवळ फ्रेम वाढाव्यात म्हणून महागडा ड्राइव्ह घेणे मला पटत नाही. फिरत्या तबकडीची बाह्य हार्ड डिस्क बॅकअपपुरतीच ठेवावी.

बाह्य ड्राइव्हचा खरा धोका केबलचा आहे. नवी मुंबई विमानतळावर उतरताना, चाके धावपट्टीला टेकण्याच्या बेतात असतानाच, माझ्या कोपराचा धक्का लागून जोडणी निसटली आणि सिम्युलेटर तिथेच बंद पडला. एक्स-प्लेन हा दुसरा फ्लाइट सिम्युलेटर मात्र जवळजवळ संपूर्ण एकाच फोल्डरमध्ये राहतो, त्यामुळे बाह्य एसएसडीवरून तो ठाण्यातल्या माझ्या दुसऱ्या संगणकावर नेणे सोपे जाते. लॅपटॉपमध्ये दुसरा एम.२ स्लॉट (एनव्हीएमई ड्राइव्ह बसवायची जागा) रिकामा असेल, तर मी अंतर्गत ड्राइव्हच घेईन.