लक्झेंबर्गचा लेओव्हर आणि तिथली फुकट ट्राम: मनापासून रिव्ह्यू

तिकीट बुक करताना लक्झेंबर्गचा लेओव्हर, म्हणजे दोन विमानांमधला मुक्काम, दिसला की बरेच जण ते ऑप्शन बघतच नाहीत, की बाबा एवढंसं एअरपोर्ट, तिथे पाच-सहा तास करायचं काय. माझं मत एकदम उलट आहे. मोठ्या शहरात एवढ्या वेळात नुसतं शहरात जाऊन परत येण्यातच जीव जातो, सगळं लक्ष घड्याळाकडे. इथे एअरपोर्ट शहराला लागूनच आहे आणि गावाचा जुना भाग पायी फिरून होतो, त्यामुळे पाच तास मिळाले तरी खरंच काहीतरी बघितल्यासारखं वाटतं.

पण हा रिव्ह्यू गावाचा कमी आणि तिथल्या पब्लिक ट्रान्सपोर्टचा जास्त आहे, कारण लेओव्हर वसूल होतो तो त्याच्यामुळे. 29 फेब्रुवारी 2020 पासून लक्झेंबर्ग या अख्ख्या देशात (शहराचं आणि देशाचं नाव एकच) बस, ट्राम आणि ट्रेनचा सेकंड क्लास फुकट आहे, तिथे राहणाऱ्यांना पण आणि आपल्यासारख्या पाहुण्यांना पण. पास नाही, अ‍ॅप नाही, मशीनसमोर उभं राहून झोन समजून घेणं नाही, सुट्टे पैसे नाहीत, सरळ चढायचं आणि बसायचं. पैसे लागतात ते ट्रेनच्या फर्स्ट क्लासला आणि बॉर्डर ओलांडून पुढे जायचं असेल तर. आपल्याला पैसे वाचल्याचा आनंद होतोच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे चुकीच्या स्टॉपला उतरलो तरी काही बिघडत नाही, मागून येणारी दुसरी पकडायची. अनोळखी गावात हाताशी थोडेच तास असताना ही निश्चिंती फार मोलाची आहे.

मार्च 2025 पासून ट्राम थेट एअरपोर्टपर्यंत येते, त्याआधी बस होती. ट्राम स्वच्छ, चढायला पायरी नाही, बॅग उचलावी लागत नाही. आणि एक गोष्ट नक्की बघा, गावाच्या मध्यभागात ट्रामच्या वर वायरच नाहीत! तिथे ती स्टॉपवर थांबते तेवढ्या वेळात चार्ज होते आणि त्यावर पुढच्या स्टॉपपर्यंत जाते, म्हणून जुन्या इमारतींसमोर तारांचं जाळं नाही, आकाश मोकळं दिसतं.

आता माझा आवडता रूट सांगतो. एअरपोर्टवरून बसलात की थेट जुन्या गावात उतरू नका, लाल पुलाच्या आधीच्या राउट ब्रेक स्टॉपला उतरा. तिथून फ्युनिक्युलर, म्हणजे उतारावरून तिरकी जाणारी रेल्वे, खाली फाफेनताल स्टेशनपर्यंत नेते, मिनिटभराचा प्रवास असेल. खाली दरीत छोटी वस्ती आहे, आल्झेट नदी आहे, ती ओलांडून थोडं चाललात की काचेची लिफ्ट येते, आणि ती तुम्हाला सुमारे 70 मीटर वर थेट जुन्या गावाच्या बाजूला सोडते. ही पण फुकट. लिफ्टमध्ये दरीकडच्या काचेला चिकटून उभे राहा, आधी समोर घरांच्या खिडक्या असतात, मग त्यांची काळपट कौलं पायाखाली जातात, मग झाडांचे शेंडे, आणि मग अचानक तो लाल पूल अख्खा समोर येतो, ज्याच्यावरून ट्राम जाते तोच, 1966 चा. गुडघेदुखीवाल्या आई-बाबांना घेऊन जाणार असाल तर हा रूट डोळे झाकून घ्या, दरी उतरून चढून झाली आणि पायऱ्या जवळपास शून्य.

वर आल्यावर बॉक नावाच्या खडकाकडे चालत जा. 963 मध्ये काउंट सिगफ्रीडने इथे किल्ला घेतला आणि त्याच्याभोवती हे गाव वाढलं. खडकाच्या पोटात केसमेट्स आहेत, म्हणजे संरक्षणासाठी खोदलेली भुयारं. या गावाखाली अशी भुयारं स्पॅनिश लोकांनी 1644 मध्ये खोदायला घेतली आणि नंतर फ्रेंच आणि ऑस्ट्रियन लोकांनी वाढवली. 1867 च्या लंडन तहात किल्ला पाडायचं ठरलं, तटबंदी पाडली, पण भुयारं उडवली असती तर वरचं गावच ढासळलं असतं, म्हणून 17 किलोमीटर तशीच राहिली. दुसऱ्या महायुद्धात हजारो लोक बॉम्बपासून वाचायला इथे लपले होते. आपण सह्याद्रीतले किल्ले बघत वाढलेली माणसं, आपल्याला तोफेसाठी खडकात कोरलेल्या त्या खिडक्यांतून खाली दरी बघताना वेगळंच वाटतं. आत जायला तिकीट आहे आणि वर्षभर उघडं नसतं, तेव्हा निघायच्या आधी वेळ चेक करा. बंद असेल तरी बाजूचा कॉर्निशचा रस्ता आहेच, दरीच्या काठाकाठाने जाणारा, जुन्या तटावरचा, आणि खरं सांगायचं तर वेळ कमी असेल तर मी भुयारं सोडेन पण कॉर्निश सोडणार नाही. इथे दगडी फरशी आहे, चाकांची बॅग ओढायला वैताग येतो, पाठीवरची सॅक बरी. परत जायला हामिलियस स्टॉपवरून ट्राम पकडा, अर्धा-पाऊण तास धरला की आरामात पोचता.

अर्धा मार्क कापतो तो गर्दीसाठी. फ्रान्स, जर्मनी, बेल्जियममधून रोज दोन लाखांहून जास्त लोक कामाला या देशात येतात, त्यामुळे सकाळी आणि संध्याकाळी ऑफिस सुटायच्या वेळी ट्राम खच्चून भरते, बॅग घेऊन चढणं अवघड होतं. लेओव्हर दुपारचा असेल तर उत्तम. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, शॉपिंगच्या आशेने जाऊ नका, फिरायला मात्र शांत मिळतं. रात्रीचा लेओव्हर असेल तर घेऊच नका, एअरपोर्ट छोटं आहे आणि रात्री तिथे वेळ काढण्यासारखं काही नाही.

आणि व्हिसाचं नीट बघा. शेंगेनमधल्याच, म्हणजे एका व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांमधल्याच, दुसऱ्या शहरातून येत असाल तर इथे पासपोर्टची लाइन नाही, उतरलात की सरळ बाहेर. पण लंडनहून वगैरे येत असाल तर बाहेर पडायला शेंगेन व्हिसा लागेल, आणि तो सिंगल एंट्री असेल तर ती एंट्री इथेच वापरली जाईल, पुढे परत शेंगेनमध्ये यायचं असेल तर आत बसलेलं बरं.

ट्रान्सपोर्टला 5 पैकी 4.5.