रेड डेड २ का स्टारड्यू व्हॅली? ग्राफिक्स बघून गेम घ्यावी का

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या कट्ट्यावर ह्यावरनं कायम वाद. एका बाजूला रेड डेड रिडेम्प्शन २, काउबॉयची गेम, कन्सोलवर २०१८ ला आली, पीसीवर २०१९ ला. ग्राफिक्स म्हणजे नाद खुळा भावा! बर्फातनं चाललं की पायाच्या खुणा तशाच मागं राहतात, घोडा चिखलातनं नेला की अंग माखतं, मग उतरून ब्रश मारत बसायचं, आणि ते करायला पण मजा येते हे विशेष. पण १५० जीबी जागा लागते, ग्राफिक्स कार्ड लागतं, आणि साध्या लॅपटॉपवर सेटिंग लो करून खेळायची असेल तर मग ज्यासाठी पैसे घातले तेच गेलं की वो.

दुसरीकडं स्टारड्यू व्हॅली, शेती करायची गेम, २०१६ ची, एकट्या माणसानं बनवलेली. ठोकळे ठोकळे पिक्सेल. जागा ५०० एमबी, ऑफिसच्या लॅपटॉपवर पण पळते (साहेबांना सांगू नका). २८ दिवसांचा एक सीझन, शेवटच्या दिवसापर्यंत पीक काढायचं नाहीतर सीझन बदलला की बहुतेक पिकं वाळून गेली, त्यामुळं आणि एक दिवस खेळू म्हणत रात्रीचा १ वाजतो. ऊसवाल्या घरातल्या पोरांनी तर खेळावीच, इथं बिलासाठी कारखान्याची वाट बघायला लागत नाही, पेटीत माल टाकला की सकाळी पैसे हजर.

कार्ड भारी असेल तर रेड डेड डोळे झाकून घ्या, तीही सेलमध्ये. नसेल तर आधी स्टारड्यू.