टोपोग्राफी ऑफ टेरर, बर्लिन: चष्मा विसरू नका

नाझींच्या अत्याचारांवरचं हे संग्रहालय, तिकीट नाही. लेकीकडे महिनाभर होतो, त्यात इथं तीनदा गेलो. जावई म्हणाले, "बाबा, दुसरं काही बघायचं नाही का?" पण ३१ वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली की माणूस कागदाला चिकटतोच.

गेस्टापो (नाझींचे गुप्त पोलीस) आणि एसएस (नाझींचं निमलष्करी दल) यांची मुख्यालयं याच जागेवर होती. आताची इमारत २०१० सालची, करडी, साधी. बाहेर जुन्या तळघरांच्या भिंती, त्यांच्या वर बर्लिन भिंतीचा लांबलचक तुकडा. आत गणवेश नि बंदुका शोधायला जाऊ नका. फोटो आणि कागद आहेत, मजकूर जर्मन-इंग्रजीत.

मी अडकलो तो 'शुट्झहाफ्ट' या शब्दापाशी. लेकीनं फोड करून दिली: शुट्झ म्हणजे संरक्षण, हाफ्ट म्हणजे कोठडी. म्हणजे संरक्षणासाठी कोठडी! कोर्ट नाही, खटला नाही, मुदत नाही. गेस्टापोचा एक छापील फॉर्म, की माणूस थेट छळछावणीत. आधार कशाचा, तर २८ फेब्रुवारी १९३३ च्या वटहुकमाचा. राइशस्टागला, म्हणजे जर्मन संसदेच्या इमारतीला, आग लागली त्याच्या दुसऱ्याच दिवशी तो निघाला, आणि त्याचं नाव 'जनता व राज्याच्या संरक्षणार्थ'. फॉर्मवर हे वटहुकमाचं नावही असायचं, म्हणजे माणसाचे हक्क काढून घेणाऱ्या एकाच कागदावर दोनदा संरक्षण. गंमत म्हणजे शब्द नाझींनी घडवलेला नाही, आधीपासूनच भाषेत होता. त्यांनी फक्त आतला माल बदलला, पाटी तीच ठेवली. प्रूफ म्हणून माझ्या हाती आलं असतं तर मीही ऱ्हस्व-दीर्घ बघून पुढे सरकलो असतो, हे मला तिथं उभ्या-उभ्या कळलं.

दुसरा शब्द 'झोंडरबेहांडलुंग', विशेष वागणूक. आपल्याकडे ती जावयाला मिळते. तिथं त्याचा अर्थ ठार मारणं. घरी येऊन वाचलं, की १९४३ मध्ये कोरहेर या संख्याशास्त्रज्ञानं ज्यूंबद्दलचा अहवाल दिला, तेव्हा एसएसचा प्रमुख हिमलर यानं हा शब्दसुद्धा काढायला लावला. पडद्यालाच वास यायला लागला होता, म्हणून त्यावर दुसरा पडदा.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण गुडघ्यांनी कापला, उभ्यानं वाचायचं फार आहे. पोट्सडामर प्लाट्झ स्टेशनवरून चालत जाता येतं. सकाळी दहाला उघडतं, तेव्हाच पोहोचा. लहान मुलांना नेऊ नका, आणि जर्मन येणारं कुणीतरी बरोबर असू द्या. इंग्रजीत शब्दांची ही फोड हाताला लागत नाही.