म्हापशाजवळच्या एका व्यसनमुक्ती केंद्राविषयी

माझा धाकटा भाऊ ब्राउन शुगरच्या आहारी गेला, तेव्हा आम्हांला दिसत होता तो केवळ त्याचा खोटेपणा आणि संताप. त्याखाली दडलेला हळवा, भित्रा मुलगा आम्ही विसरून गेलो होतो. या केंद्रात पहिले ८ ते १० दिवस अंगदुखी, जुलाब आणि निद्रानाश यांचा त्रास डॉक्टरांनी ब्युप्रेनॉर्फिन या, नशा सोडतानाचा त्रास कमी करणाऱ्या औषधाच्या गोळ्यांनी आटोक्यात ठेवला; पण खरे मोल त्यानंतरच्या समुपदेशनाचे, कारण बाबांच्या मृत्यूनंतर दाबून ठेवलेले रडणे त्याने तिथेच प्रथम मोकळे केले. जेवण साधे, खोल्या दमट. कुटुंबीयांसाठी आठवड्याला एकच बैठक असते, ती मला अपुरी वाटली. चतुर्थीला माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची आरास) बांधताना तो स्वतःहून म्हणाला, “ताई, मला अजून भीती वाटते.”