नवा प्लॉट की जुना गाळा?

कारखान्यासाठी जागा शोधताना बहुतेकदा दोनच पर्याय उरतात. शहराबाहेर मोकळ्या जमिनीवर आखलेला नवा प्लॉट, नाहीतर जुन्या औद्योगिक वसाहतीतला, आधी कुणीतरी वापरलेला गाळा. मी दोन्ही करून बसलो आहे. सहा वर्षं प्लॉटवर काढली, नंतरची नऊ गाळ्यात. दर, करार, वीजजोडणी ही माहिती तुम्ही काढलीच असेल, ती इथे उगाळत नाही.

नव्या प्लॉटचं सुख खरं आहे. ट्रेलर एका दमात वळतो. शेडची उंची आपल्या मशिनप्रमाणे ठेवता येते. मोठ्या छपरावर सौर पॅनेल हवी तशी बसतात; या बाबतीत माझा आत्ताचा गाळा पार मागे आहे, हे कबूल.

पण जागा स्वस्त मिळाली म्हणून मी गरजेच्या अडीचपट घेतली. पुढे वाढायला हवी ना! वाढ काही आली नाही, गवत मात्र आलं. जो पैसा दुसऱ्या मशिनमध्ये जायला हवा होता, तो कुंपणाच्या आत पडून राहिला. ही चूक देशही करतात. चीनमध्ये स्थानिक सरकारांनी कारखाने ओढण्यासाठी जमिनी इतक्या स्वस्तात दिल्या, की २००६ च्या अखेरीस केंद्र सरकारला औद्योगिक जमिनीचे किमान दर ठरवून द्यावे लागले. जमीन स्वस्त झाली की ती पुरवून वापरावीशी वाटत नाही, एवढं मी स्वतःवरून सांगू शकतो.

कार्बनचा हिशेब तर पहिला माल बाहेर पडण्याआधीच सुरू होतो. वातावरण आणि झाडंझुडपं मिळून जेवढा कार्बन धरतात, त्याहून जास्त जगभरच्या मातीत आहे. वरचा थर खरवडला की त्यातला काही हवेत जातो. वर जोता, रस्ते, गटारं, म्हणजे सिमेंट. एक टन क्लिंकर (सिमेंट दळण्याआधीचे भाजलेले खडे) करताना नुसत्या चुनखडीतूनच अर्ध्या टनाहून थोडा अधिक कार्बन डायऑक्साइड सुटतो, भट्टीचं इंधन वेगळं. तिथे छपरावरचं पॅनेल काही करू शकत नाही. जुन्या गाळ्यात हे सगळं कधीच होऊन गेलेलं असतं.

तरीही खरं सांगायचं तर मी कार्बनपायी जागा बदलली नाही. बेअरिंगपायी बदलली.

प्लॉटवर एखादं बेअरिंग गेलं, शाफ्टला लेथवर हात फिरवायचा असला, की गाडी काढावी लागे. जायला सव्वा तास, यायला सव्वा तास, आणि टेम्पोत वस्तू पिशवीत मावेल एवढी. तोवर मशिन बंद, चार माणसं बसून. वेल्डर बोलवा तर तो उद्यावर ढकलणार. त्याचंही बरोबर, एका टाक्यासाठी कोण एवढ्या लांब येईल? कामगारांची बस वेगळी. कच्चा माल आणणारा ट्रक परत रिकामा, तयार माल नेणारा येताना रिकामा. डिझेलचं बिल बघून महिनाअखेरीस माझा चेहरा पडायचा. आता लेथ चालवणारा टर्नर भिंतीपलीकडे आहे. शाफ्ट खांद्यावर टाकून पोरगा जातो आणि दुपारच्या आत परत येतो. किती टक्के फरक पडला ते मी मोजलेलं नाही, पण टेम्पो मात्र विकून टाकला.

शेजार असला की आणखीही बरंच जमतं. डेन्मार्कमधल्या कालुंडबोर्गला तेलशुद्धीकरण कारखान्याचा जादा वायू १९७२ पासून शेजारच्या जिप्सम बोर्डाच्या कारखान्याने जाळायला घेतला. वीजकेंद्राची वाफही पुढे आजूबाजूला गेली. वाफ फार लांब नेली तर वाटेतच निवते, म्हणून हा व्यवहार शेजाऱ्यांतच परवडतो. सिंगापूरने तर जमीनच मोजकी म्हणून १९६० च्या दशकापासून लहान कारखाने मजल्यांवर चढवले.

जुन्या जागेची मोठी भीती जमिनीखाली असते. आधीच्या माणसाने काय ओतलं, कोण जाणे. अमेरिकेत १९८० च्या कायद्याने जुन्या प्रदूषणाचा खर्च नव्या मालकाच्याही गळ्यात पडू शकत होता. नीट चौकशी करून, प्रदूषण माहीत असूनही जागा घेणाऱ्याला संरक्षण मिळालं ते २००२ मध्ये. तेव्हा मातीची तपासणी केल्याशिवाय सही करू नका. मी केली होती. एका कोपऱ्यात तेल मुरलेलं निघालं, तेवढी माती काढून टाकावी लागली. छप्पर गळत होतं, ते अजून अधूनमधून गळतंच.

शिवाय जुनी जागा घेतली की भरभराट होतेच असंही नाही. जर्मनीच्या रुर भागात १९८६ मध्ये बंद पडलेली त्सोलफेराइन खाण आज बघायला लोक येतात, कोळसा काढायला नाही. आणि तुमचं काम भट्टीचं, स्फोटकं किंवा ज्वालाग्राही रसायनांचं असेल, तर वस्तीपासून लांब नवी जागाच बरी. तिथे माझा अनुभव लावू नका.

पण लेथ, प्रेस, पॅकिंग, जुळणी असलं हलकं काम असेल, तर आधी जुन्या वसाहतीत एक चक्कर मारा. भिंतीपलीकडे कोण आहे ते बघा, मग गाळा बघा. आमच्या वसाहतीतला एक रिकामा होणार असं कानावर आलं आहे. मी मात्र विचारून ठेवलं आहे.