प्लग नाही, माउंटिंग गेलं होतं!

सिग्नलला थांबलो की स्टिअरिंग, सीट, आरसा सगळं थरथरायचं आणि गाडी पळायला लागली की एकदम गप्प. आधीच्या गॅरेजवाल्याने न बघताच स्पार्क प्लग बदलले, फरक शून्य. इथल्या मेकॅनिकने आधी स्कॅनर लावला, मिसफायर (सिलेंडरमध्ये इंधन नीट न पेटणं) नाही, आरपीएम म्हणजे इंजिनचे मिनिटाचे फेरे 800 ला स्थिर, मग ब्रेक दाबून ऑटोमॅटिक गिअर डी (ड्राइव्ह) मध्ये टाकायला लावला तर थरथर वाढली, न्यूट्रलला कमी, म्हणाला इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं तो तेल भरलेला रबरी आधार, गेलंय. टॉर्च मारून दाखवलं पण, रबर चिरलेलं आणि आतलं तेल खाली ओघळलेलं. नवीन टाकलं, आता एसी चालू असला तरी बाटलीतलं पाणी हलत नाही. फक्त एक, स्वतःहून फोन करून काही कळवत नाहीत, आपणच मागे लागायचं.